सोयऱ्याचं सुतक

दीनाचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, एकेचाळीसच्या चैत्रात, तिचा बाप यशया हवालदार घाट चढून ठाकरवाडीत पोचला, तेव्हा छगन ठाकराच्या मिश्या उतरवलेल्या होत्या.

"साहेब कुठाय?" यशयानं विचारलं.

"रविवारी तापानं गेला. पुरला," छगन म्हणाला.

यशया खाली बसला. ही तिसरी खेप; आधी दोनदा साहेब हाती लागला नव्हता. साहेबाशिवाय परतलास तर हातावरची फीत उतरेल, असं फौजदारानं बजावलं होतं. लढाईत फ्रान्स पडल्यापासून सरकारला या फ्रेंच साहेबाचा भरवसा नव्हता. धरून नगरच्या छावणीत आणायचा हुकूम होता.

चार वर्षांपूर्वी तो हिरडा विकत घ्यायला आला, तापानं पडला आणि छगनच्या घरात बरा झाला. पुढं ठेकेदार ठाकरांचा हिरडा मातीमोलानं उचलायला लागला, तेव्हा साहेबानंच सरकारकडं अर्ज लिहून ती लूट बंद पाडली. त्या दिवशी छगन आणि साहेबानं भंडारा उचलून, शपथ घेऊन सोयरपण बांधलं होतं. एकाचं सुतक दुसऱ्यानं पाळायचं.

यशयानं खड्डा बघितला. माती ओली होती. साहेब तर दारातून वाकून यायचा. खड्डा आखूड वाटला.

"पाय दुमडून पुरतो आमी," छगन म्हणाला.

घरात चांगुणा, छगनची बायको, भिंतीला डोकं टेकून रडत होती. गोऱ्या माणसासाठी एवढं रडू येतं, याचं यशयाला नवल वाटलं. चुलीपाशी छगनचा म्हातारा बाप कोंडाजी घोंगडी डोक्यावरून घेऊन खोकत होता. यशयानं त्याच्यापुढं तंबाखू धरली. घोंगडी हलली नाही.

"ऐकू येत न्हाई त्याला," म्हणत छगननंच ती घेतली.

यशयाचं मन मानत नव्हतं. निघताना त्यानं पुन्हा विचारलं, "छगन, खरं सांग. हे सोंग नाही ना?"

छगननं ओठावरून बोट फिरवलं. "मिशी खोटी उतरवत न्हाई आमी, हवालदार."

हे यशयाला पटलं. त्याच्या घरातून सुतक आणि मुंडण आजोबा ख्रिस्ती झाला तेव्हाच गेलं होतं. पण छगनच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं, एवढं त्याला कळत होतं.

घाटाखाली शिपाई गोरक्षनाथ मुरगळलेला पाय धरून बसला होता. यशयानं त्याला सगळं सांगितलं, मिशीसकट.

"म्हंजे त्याचा बाप बी गेला का?" गोरक्षनाथानं विचारलं.

"बाप कशाला जाईल? चुलीपाशी बसलाय."

गोरक्षनाथ हसायला लागला. "काय हवालदार, बाप जिता असताना कोन मिशी उतरवतं? सोयऱ्यासाठी तर मुळीच न्हाई."

यशयाला चुलीपाशची घोंगडी आठवली; तंबाखूसाठी तिच्यातून हातसुद्धा बाहेर आला नव्हता. मग कागद काढून त्यानं गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं की फ्रेंच साहेब तापानं रविवारी वारला.

रविवारी पहाटे वारला होता तो कोंडाजी, छगनचा बाप.