मागाहून रंगणारा पट्टा

थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी अप्पांना शेअर बाजाराचं वेड लागलं. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना सोडून ते आतल्या खोलीत धाकट्याने बनवलेला आलेख बघत बसले, तेव्हा थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटा नोकरी सोडून कधीचा अप्पांपाशीच राहत होता. तो संगणकावर आज्ञा लिहायचा आणि आलेखातल्या दोन रेषांमधली जागा आपोआप रंगायची. हिरवा पट्टा आला की शेअर घ्यायचे, लाल आला की विकायचे. अप्पा खुर्चीतून हुकूम सोडत, धाकटा कळ दाबी. अप्पांची आयुष्यभराची पुंजी त्या शेअर्समध्ये होती.

थोरला हिशेब तपासनीस. त्याला संशय घेण्याचाच पगार मिळतो, असं त्याची बायको म्हणायची. लग्न उरकल्यावर तो मुद्दाम अप्पांकडे मागे राहिला. धाकटा नजर टाळायचा, ताटात अर्धं टाकून उठायचा, घरातल्या घरात कानटोपी घालून बसायचा. याला मन खातंय, असं थोरल्याने बायकोला फोनवर सांगितलं.

मग एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. सोमवारी लाल दिसलेला पट्टा बुधवारी त्याच जागी हिरवा होता. मधल्या दिवसात भाव चढला होता, म्हणून मागचा रंग बदलला होता. मागे वळून पाहिलं की पट्टा कधी चुकलेलाच नसायचा.

दुपारी अप्पांचा डोळा लागल्यावर त्याने धाकट्याला गाठलं.

"म्हाताऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकतोस?"

"हळू बोल, दादा."

"भाव कळल्यावर मागचा पट्टा रंगवायचा. एवढं तर मलाही जमेल."

धाकटा खुर्चीची पाठ धरून जरा वेळ उभा राहिला. मग त्याने अप्पांचं खरं खातं उघडून दाखवलं. त्यातला एकही शेअर हललेला नव्हता. अप्पा खेळत होते ते सरावाचं, लुटुपुटीचं खातं होतं. डॉक्टरांनी म्हणे त्याला बजावलं होतं, अप्पांच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही, त्यांना खुशीत ठेवा. म्हणून तो रोज बसून पट्टा दुरुस्त करत होता. अप्पा कधी चुकू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शंका राहिलीच. एवढं दुखणं, आणि थोरल्या मुलाला कोणी सांगू नये?

संध्याकाळी तो अप्पांबरोबर फिरायला निघाला. घरामागचा चढ अप्पा झपाझप चढले. थोरल्यालाच धाप लागली.

"अप्पा, जपून. तुमचं हृदय..."

अप्पा थांबले. "सांगितलं का त्याने तुला?"

थोरल्याने मान डोलावली.

"दुखणं माझं नाही, त्याचं आहे. डॉक्टरांना तसं बोलायला मीच लावलं," अप्पा म्हणाले. "आणि पट्टा मागाहून रंगतो, ते मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. तू तोंडातून अवाक्षर काढू नकोस. माझ्यासाठी म्हणून अंथरुणातून उठतो तरी."

त्याच वर्षी, थंडी सरायच्या आत, धाकटा गेला.