शेजारचा हात

अथेन्सच्या संग्रहालयात चांदीची जुनी नाणी शैलीवरून खणांत लावताना इवान्थिया म्हणाली, "सर, या नाण्यावरची अथीना देवी फारच ओबडधोबड आहे. कारागीर वेगळा असणार."

लेआंद्रोस सरांनी नाणं पार नाकाशी धरलं. "कारागीर तोच गं. कानातलं बघ, त्याचंच. नजर अधू झालीय बिचाऱ्याची."

"मग नाण्याच्या मागच्या बाजूला घुबडाजवळची अक्षरं इतकी रेखीव कशी?"

"शेजारी बसणाऱ्याने गुपचूप कोरून दिली असतील. म्हणून तर म्हाताऱ्याचं काम टिकलं."

सरांनी चाचपडत नाणं भलत्याच खणात ठेवलं. इवान्थियाने नेहमीसारखं ते हळूच उचलून योग्य खणात सरकवलं.

"म्हाताऱ्याने त्याचे आभार मानले असतील का हो?" तिने विचारलं.

"त्याचं माहीत नाही," खणाकडेच बघत सर म्हणाले. "मी मानतो, पोरी."