दोन्ही पारड्यांत तीन वर्षं

कागदावर दोन रकाने होते आणि अकरा ओळी. डावा रकाना ती सध्या काम करत होती त्या दुकानाचा. वजनकाटे तपासून, दुरुस्त करून देणारं चार माणसांचं दुकान. उजवा रकाना चारशे माणसांच्या कंपनीचा. परदेशात काम करायला लागणाऱ्या तिच्या व्हिसासाठी दोघेही तिला स्पॉन्सर करायला तयार होते. सात ओळी कंपनीच्या बाजूने गेल्या होत्या, तीन दुकानाच्या. अकराव्या ओळीवर रेघ मारलेली होती.

कंपनीला आज चार वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आता सव्वा वाजला होता.

दुकानात तिला सगळे दशांश म्हणत. वेळ विचारली तरी ती सेकंदांसकट सांगे, म्हणून. आपण घेतलेल्या मापाखाली आपलीच सही चालत नाही, दुसऱ्याने तपासावं लागतं, हा दुकानाचा शिरस्ता. सवयीने तिने तो कागदही जेवणाच्या सुट्टीत काकांपुढे ठेवला. काका तिथले सर्वांत जुने कारागीर. तेही तिच्यासारखेच व्हिसावर आले होते, पण त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती.

काकांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि सगळ्या ओळींवरून बोट फिरवत आणलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ही का खोडलीस?"

"दोन्हीकडे सारखीच आहे, काका. तीन वर्षं नोकरी झाली की मालक कायमच्या व्हिसासाठी नाव पाठवतो. इथेही तीन, तिथेही तीन. दोन्ही पारड्यांत सारखं असेल ते काढून टाकायचं, तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं. वडिलांना आणायचं ते याच ओळीवर ना?"

"हो."

तिला बाकी कोणी नव्हतं. ती सहावीत असताना आई गेली. तेव्हापासून वेणीपासून विज्ञानाच्या प्रयोगवहीपर्यंत सगळं बाबांनी निभावलं होतं. वेणी शेवटपर्यंत वाकडीच राहिली, ती गोष्ट वेगळी. आता ते एकाहत्तर वर्षांचे होते, घरात एकटे. फोनवर म्हणत, "माझं झकास चाललंय." ते जितक्या जोरात म्हणत, तितकी तिला कमी झोप लागे. तिच्या तात्पुरत्या व्हिसावर वडिलांना आणता येत नव्हतं. कायमच्या व्हिसावर येत होतं.

"तुला इथे लागून किती दिवस झाले?"

"दोन वर्षं, सात महिने, अकरा दिवस."

"ते कुठे मांडलेस?"

"मांडायचे कशाला? ते माझेच आहेत. जाईन तिथे माझ्याबरोबर येतील."

"नाही येत. ते या दुकानातले आहेत, इथेच राहतात. नियम वाच."

दशांशला राग आला. "खरं सांगा काका, नवा माणूस शिकवायचा तुम्हाला कंटाळा आलाय."

"तो आहेच. तू आलीस तेव्हा प्रमाण वजनं चिमट्याऐवजी बोटांनी उचलायचीस, भाजी निवडल्यासारखी. पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात. तरी तू नियम वाच."

तिने फोनवर नियम काढला. हे वाक्य तिने चारदा तरी वाचलेलं होतं. 'तीन वर्षं' या शब्दांवर पिवळा रंगही दिला होता. आता तिने रंग न दिलेले शब्द वाचले. नाव पाठवणाऱ्या मालकाकडेच सलग तीन वर्षं काम झालेलं असावं.

म्हणजे डाव्या पारड्यात उरले होते चार महिने एकोणीस दिवस. उजव्यात पुरी तीन वर्षं.

तिने फोन कागदावर उपडा ठेवला.

"मी दोन वर्षं दहा महिन्यांवर नोकरी बदलली होती," काका डबा उघडत म्हणाले. "पगार दीडपट. मलाही वाटलं, उरले दोन महिने, ते नव्या ठिकाणी भरतील. माझ्या आईने तिकडे सामान बांधून ठेवलं होतं."

"मग?"

"मग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. माझा कायमचा व्हिसा आला, तेव्हा आणायला कोणी राहिलं नव्हतं." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "जेव तू. निवतंय सगळं."

तिने आपल्या डब्यातली अर्धी भाजी त्यांच्या झाकणावर वाढली. मग खोडलेली ओळ कागदाच्या वरच्या टोकाला नव्याने लिहिली, खरे आकडे भरले आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी खाली लिहिलं, 'तपासले', आणि सही केली.

दोन वाजता तिने कंपनीला नकार कळवला. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, गुडघ्यांचे व्यायाम सुरू करा."

"का गं?"

"माझ्या घराला बावीस पायऱ्या आहेत."

बाबा म्हणाले, "लिफ्टवाली खोली बघायला काय झालं होतं तुला?" त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

दुकानाच्या मालकीणबाईंनी तिचं नाव ठरल्या दिवशी पाठवलं. तिच्या व्हिसाला नऊ महिने लागले, बाबांच्या व्हिसाला त्याहून जास्त. एका सोमवारी सकाळी दहा वाजता बाबा इस्त्रीचा सदरा घालून दुकानात आले. काकांना भेटायचंच, असा त्यांनी विमानतळापासून धोशा लावला होता. दोघे म्हातारे हात हातात घेऊन उभे राहिले.

शेवटी काकांनीच सुटका केली. इस्पितळाचा मोठा काटा दुरुस्त होऊन भिंतीशी ठेवला होता.

"या, चप्पल काढा, उभे राहा यावर. आमचं काम तरी बघा."

बाबा चढले. आकडा वर-खाली झाला. मग तो स्थिर झाला. दशांशने डोळे पुसले आणि वाचलं.

एकोणसाठ किलो, आठशे पन्नास ग्रॅम.