सूर्यावर चाललेला संसार

मृदुलानं बरणी उघडली. आईच्या हातचं, बावीस वर्षं एकदाही खंड न पडू दिलेलं विरजण बुरशीनं हिरवं झालं होतं.

फ्लॅट विकून नवरा-बायको दोघं या शिडाच्या बोटीवर राहायला आली, तेव्हापासून बॅटरी उतरली की पहिली कुऱ्हाड तिच्या फ्रीजवर पडायची. "तुला काटकसर म्हणून कळत नाही," हे वर त्याच्याकडून ऐकायचं. या खेपेला आठ दिवस फ्रीज बंद, पंखा बंद. नवऱ्याचा व्हिडिओचा कॅमेरा तेवढा रोज चार्ज होत होता.

बरणी समुद्रात रिकामी करायला ती डेकवर आली, तर सोलर पॅनलवर आडवी सावली. आठ दिवसांपूर्वी त्यानंच व्हिडिओसाठी हौसेनं बांधलेल्या बॅनरची: 'सूर्यावर चाललेला संसार'.

तिनं बॅनर सोडून काढला.

"चार्जिंग चढतंय गं!" खालून तो ओरडला. "बघ, फ्रीज बंद ठेवायला लावला म्हणून बॅटरी सावरली. माझं ऐकत जा जरा."

"बरं," ती म्हणाली. मग बॅनरची चौपदरी घडी घालून तिनं ती जिन्याच्या तोंडाशी, पायपुसण्याच्या जागी टाकली.