लामियाची पिवळी भिंत

"तौसिफ, लामियाच्या घराची भिंत काळी पडलीय," म्हणत माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, लॅपटॉप पुढे सरकवला. ढाक्यात डेंग्यूने जाण्याआधी आपाच्या लेकीने, लामियाने, मी लिहिलेल्या गेममध्ये घर बांधलं होतं, भिंत मोहरीच्या फुलासारखी पिवळी रंगवली होती. कोड उघडल्यावर चूक सापडली. रंगाचा आकडा साठवताना मी २५५ने गुणला, वाचताना चुकून २५६ने भागला आणि उरलेला अपूर्णांक सोडून दिला होता. म्हणजे गेम उघडून बंद केला की रंग एक पायरी काळवंडायचा. चूक माझी, पण भिंत काळी झाली आपाच्या वेळीअवेळीच्या भेटींनी. ते तिला सांगवेना. "मूळ पिवळा परत आणतो," मी घाईने म्हणालो, "जितक्यांदा उघडलास तितक्या पायऱ्या उजळायचा. किती वेळा उघडलास, आपा? नीट आठव." आपा भिंतीकडेच बघत राहिली. "लेकीच्या घरी मोजून जातं का रे कोणी?"