वर्लाची खुर्ची

सामन्याचा चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा वर्ला शेफर अंगणातल्या पिकअपमध्ये काचा लावून रेडिओ ऐकत होती. घरात चांगला मोठा टीव्ही होता, पण प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या दिवसांत त्याच्यावर चादर घातलेली असायची.

ओमाहा क्रेन्स या बास्केटबॉल संघाच्या मुली पाच गुणांनी मागे होत्या. त्यांची कर्णधार शेल्बी ही वर्लाची एकुलती एक मुलगी. शेल्बी फ्री थ्रो घ्यायला उभी राहिली की वर्ला डोळे घट्ट मिटायची. रेडिओ ऐकताना डोळे मिटून काय मिळतं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण उगाच धोका कशाला?

शेजारची म्हातारी ओपल कॉफीचे दोन मग सांभाळत आली आणि पलीकडच्या सीटवर चढून बसली.

"इतकी मोठी अंतिम फेरी, आणि तू इथे गाडीत," ओपल म्हणाली. "कालच निघायला हवं होतंस. न सांगता जायचं आणि सरळ आपल्या खुर्चीत जाऊन बसायचं."

"आणि हरल्या म्हणजे? पोरीला तोंड काय दाखवू?"

ओपलने कॉफीत बघितलं. "तुझ्यामुळे कुणी हरत नाही वर्ला."

"तुला नाही कळायचं. तू खेळाडूची आई नाहीस."

ओपलने कॉफीचा घोट घेतला. दर वर्षी ती असंच सुचवायची आणि दर वर्षी इथवर आली की विषय सोडून द्यायची.

पहिल्या प्लेऑफला वर्ला गेली होती. साखर कारखान्यातली पाळी संपवून, अंगावर तेच कपडे, पायात तेच बूट, आपल्या स्कॉट्सब्लफ गावापासून ओमाहापर्यंत सात तास एकटी गाडी हाकत. बरोबर डबाभर रुंझा, घरी केलेले, आत कोबी आणि खिमा भरलेले पाव. कोर्टाला लागून खेळाडूंच्या घरच्यांसाठी एकेक खुर्ची असते. तिथे बसून तिने पंचाचा सात पिढ्यांसह उद्धार केला आणि दोन्ही बाजूंच्या नटलेल्या बायांना आग्रह करकरून रुंझा खायला लावले. क्रेन्स एका गुणाने हरल्या.

"आई, एक सांगू? रागावू नकोस," दुसऱ्या दिवशी शेल्बी फोनवर म्हणाली. "तू समोर असलीस की माझा हात थरथरतो. पुढच्या वेळी नकोच येऊस."

"बरं. टीव्हीवर बघेन."

"बघणं ते बघणंच गं. तुझी खुर्ची मी रिकामी ठेवीन, कुणाला बसू देणार नाही. तू एक स्कार्फ विणून पाठव, तो ठेवीन तिच्यावर. म्हणजे तू असशील तिथे."

वर्लाला हे लगेच पटलं. क्रेन्समधली एक मुलगी प्लेऑफ संपेपर्यंत मोजे धूत नाही, मग आईला लांब ठेवलं तर त्यात काय मोठं? तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती क्रेन्सच्या रंगांचा पिवळा-करडा स्कार्फ विणायची आणि कुरिअरने ओमाहाला पाठवायची.

तरी क्रेन्स हरतच राहिल्या. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत गारद झाल्या. वर्लाने डोकं खाजवखाजव खाजवलं, तेव्हा आठवलं की त्या दिवशी पेट्रोल भरताना पंपावरच्या टीव्हीकडे तिची नजर गेली होती. तिने फोन करून गुन्हा कबूल केला. शेल्बी म्हणाली, "जाऊ दे आई. पण पुन्हा नको." मग एका अंतिम फेरीत हरल्या, तेव्हा वर्ला रेडिओवर ओरडली होती. दुसऱ्या अंतिम फेरीत हरल्या, तेव्हा काहीच सापडेना. शेवटी तिने ठरवलं की स्कार्फचे टाके सैल पडले असणार. कुठलाही पराभव तिने दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिला नाही.

शेल्बी पंधराव्या वर्षीच ओमाहाला बापाकडे राहायला गेली होती, तिथला प्रशिक्षक चांगला म्हणून. बापाची दुसरी बायको सेलेस्ट दातांची डॉक्टर. "ती येते का गं तुझा खेळ बघायला?" वर्लाने एकदा विचारलं होतं.

"सेलेस्ट? तिला चेंडू आणि भोपळा यातला फरक कळत नाही," शेल्बी म्हणाली, आणि मायलेकी पोट धरून हसल्या होत्या.

रेडिओवर समालोचकाचा आवाज एकदम चढला. बरोबरी झाली. चेंडू शेल्बीकडे. वर्लाने डोळे मिटले, ओपलचा हात दाबला. भोंगा वाजला आणि मागोमाग रेडिओ नुसता गर्जत राहिला.

क्रेन्स जिंकल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

वर्ला स्टिअरिंगवर डोकं टेकवून मनसोक्त रडली. मग नाक पुसून खाली उतरली आणि ओपलच्या घराकडे चालू लागली. ओपलचा टीव्ही चालूच होता; क्रेन्सचे सामने ती नेहमी त्याच्यावर बघायची.

"उद्या बघ ना," ओपल मागून धावत आली. "दिवसभर तेच तर दाखवणार आहेत."

"खेळ संपला ओपल. आता माझी नजर कुणाला लागणार?"

"वर्ला, ऐक माझं. थांब जरा."

पण वर्ला आत जाऊन टीव्हीसमोर उभी राहिलीसुद्धा. कागदाच्या चकत्या उडत होत्या, मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. तिने सगळ्यात आधी खुर्ची शोधली. कोर्टालगतच्या रांगेत, बरोबर तिच्याच जागी, खुर्ची रिकामी होती.

"बघ," ती ओपलला म्हणाली. "ठेवली की नाही माझ्या पोरीने?"

ओपल रिमोट शोधत होती.

कॅमेरा कोर्टाच्या मधोमध गेला. शेल्बीच्या एका हातात चषक होता. दुसऱ्या हाताने तिने सेलेस्टला जवळ ओढलं होतं आणि सेलेस्टच्या गळ्यात पिवळा-करडा स्कार्फ होता.

"हिने एकही प्लेऑफ चुकवला नाही," शेल्बी माइकमध्ये म्हणाली. "त्या खुर्चीतून उठली ती आज, जिंकल्यावर. आणि हा स्कार्फ बघा, दर वर्षी माझ्यासाठी नवा विणते. ही माझी आई."