सहा काड्या

माळीबुवांना अर्धांगवायू होऊन तीन महिने झाले. उजवा हात लुळा, वाचा बंद. लाडकी जास्वंद वाळायला लागली, तेव्हा बायकोनं सहा काड्या कापून, पानं काढून उशाजवळच्या कुंडीत खोचल्या. दुपारी पाहते तर सगळ्या उपटलेल्या. तिनं पुन्हा खोचल्या, त्यांनी पुन्हा उपटल्या. भरवून, पुसून, उचलून तिच्या कंबरेचा काटा ढिला झालेला. त्यात हे नवं लचांड. चौथ्या दिवशी ती चिडलीसुद्धा नाही, काड्या पुन्हा खोचून खाटेशी मटकन बसली. "अहो, माझ्यावरचा राग काड्यांवर का काढता?" त्यांनी डाव्या हातानं काडी उपटली, तिच्या हातात दिली, मनगट धरून फिरवलं. मातीकडे वळलेले कोंबांचे डोळे वर आले. सगळ्या काड्या तिनं उलट्या लावल्या होत्या. "मग सांगायचं नाही का," ती बोलून गेली. माळीबुवांनी अर्ध्या ओठानं हसत दुसरी काडी पुढे केली.